तर्री वाढवा, दंड कमी करा

छायाचित्रांवर हात फिरवण्याचे काम मी नागपुरात बरीच वर्षे करत आले आहे. बर्डीच्या मागच्या एका गल्लीत आमचा लहानसा स्टुडिओ आहे आणि तिथे भोजनालयांची मेन्यूकार्डे, मिठाईच्या दुकानांचे फ्लेक्स आणि लग्नाचे अल्बम अशी तीन प्रकारची कामे प्रामुख्याने येतात. पहिल्या दोन प्रकारांतले गिऱ्हाईक सांगते की वाटी काठोकाठ भरलेली दिसू द्या, तर्री वाढवा, पाहणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटले पाहिजे. तिसऱ्या प्रकारातले गिऱ्हाईक सांगते की दंड कमी करा, हनुवटीखालचे काढून टाका, कंबर जरा आत घ्या. संगणक तोच असतो, बसणारी मीच असते आणि लग्नसराईत तर दोन्ही कामे एकाच दुपारी होतात. या मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत असे सुरुवातीला वाटते, पण मला आता तसे वाटत नाही. किती खायचे आणि आपण कसे असायचे, हे दोन्ही निर्णय जीभ, पोट आणि अंगातली ताकद यांच्याकडून काढून डोळ्यांकडे द्यायचे, एवढेच या दोन्ही कामांत चालते.

सावजी मटणाचे चांगले छायाचित्र काढणे किती अवघड असते, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून शहराच्या भोजनालयांत आलेला हा रस्सा मुळात काळपट तपकिरी असतो. भाजलेले खोबरे, खसखस, धणे, मिरे आणि दगडफूल यांनी त्याला जो रंग येतो तो डोळ्यांना रिझवण्यासाठी आलेलाच नसतो. त्याची सगळी कीर्ती वासात आहे आणि पहिल्या घासानंतर कपाळावर येणाऱ्या घामात आहे. कॅमेऱ्याला वास टिपता येत नाही आणि घाम मेन्यूकार्डावर कोणालाच नको असतो. मग वाटीच्या तळाशी दुसरी लहान वाटी उपडी ठेवावी लागते, म्हणजे मटणाचे पीस बुडून न जाता रश्श्याच्या वर येऊन बसतात. तेलात लाल तिखट घालून तर्री वेगळी तयार करायची आणि कॅमेरा लावून झाल्यावर चमच्याने वरून सोडायची. सांबार, म्हणजे विदर्भाबाहेरच्या वाचकांची कोथिंबीर, बर्फाच्या पाण्यात ठेवून अगदी शेवटी पेरायचा. लिंबाच्या फोडीवर ग्लिसरीन मिसळलेले पाणी फवारले की ते थेंब तासभर हलत नाहीत. वाफ हवी असेल तर वाटीमागे गरम पाण्यात भिजवलेला कापूस ठेवायचा. एवढे सगळे होईपर्यंत खरा रस्सा थंड होऊन त्यावर साय धरलेली असते आणि तो कोणीही खात नाही.

उपड्या वाटीची ही युक्ती आमची नाही. अमेरिकेत कॅम्पबेल या सूपच्या कंपनीने १९६०च्या दशकाच्या अखेरीस जाहिरातीतल्या वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, जेणेकरून भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप भरगच्च दिसावे. तिथल्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्याला फसवणूक म्हटले आणि १९७० मध्ये कंपनीला तसे न करण्याचे मान्य करावे लागले. गोट्यांवरून एका बलाढ्य कंपनीला जाब विचारला गेला, याची मला अजूनही गंमत वाटते. आमच्याकडे भोजनालयाच्या मालकाने फक्त एवढेच विचारले होते की वाटी स्टीलची ठेवायची की काचेची, कारण स्टीलची चमकते.

छायाचित्र पदार्थासारखे व्हावे म्हणून आम्ही धडपडत असू, पण काही वर्षांतच पदार्थाला छायाचित्रासारखे होण्याचा भार वाहावा लागला. घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या ॲपवर प्रत्येक पदार्थापुढे चित्र असते, आणि चित्रातली तर्री लालभडक असताना डब्यातला रस्सा काळपट निघाला की गिऱ्हाईक तक्रार लिहिते. मालक तेल वाढवतो, रंग वाढवतो. पुढे कोणीतरी सावजी रश्श्यावर चीज किसून त्याची तार ओढतानाचा व्हिडिओ टाकतो आणि तो पाहून लोक येतात, तेव्हा त्या तारेसाठी चीज आणणे भाग पडते. डाळकांदा, पाटोडी रस्सा, गोळाभात हे पदार्थ मात्र मागे पडतात, कारण त्यांची तार येत नाही आणि वडाभातावर ओतलेल्या गरम फोडणीच्या तेलाचा चर्र आवाज कागदावर उतरत नाही. जुन्या भोजनालयांच्या दारावर पेंटरने रंगवलेली एक पाटी असे आणि तिच्यावर मटण, खूर, मुंडी, वजडी अशी नुसती नावे असत. वाचणारा आपल्या भुकेप्रमाणे आणि खिशाप्रमाणे त्यांतले एक निवडत असे.

चित्राने भूक खरोखर वाढते का, की हा आमच्या धंद्याचा फुगवलेला समज आहे, असा प्रश्न कोणीही विचारील. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये याची एक साधी पण नेटकी चाचणी प्रसिद्ध केली. सात ते अकरा वर्षांच्या मुलांना एक कार्टून दाखवले गेले. काहींच्या कार्टूनमध्ये खाण्याच्या जाहिराती होत्या आणि काहींच्यात दुसऱ्याच वस्तूंच्या. समोर बिस्किटांसारखा खाऊ ठेवलेला होता. खाण्याच्या जाहिराती पाहणाऱ्या मुलांनी तो ४५ टक्के जास्त खाल्ला. मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की समोरचा खाऊ जाहिरातीतला नव्हता. मोठ्या माणसांवर केलेल्या अशाच प्रयोगात, भूक किती लागली आहे याच्याशी या जास्त खाण्याचा संबंध दिसला नाही. म्हणजे जाहिरात आपापला माल विकते असे आपण समजतो, पण ती त्याआधी हात आणि तोंड यांच्यातला रस्ता मोकळा करून देते. त्या रस्त्यावरून मग घरातला चिवडाही जातो.

आता अल्बमांकडे वळते. लग्नाच्या छायाचित्रांत माणसाचा आकार बदलण्याचे जे साधन आहे ते चालवायला अगदी सोपे असते. कडेवर वर्तुळ ठेवायचे आणि आत ढकलायचे, की दंड बारीक होतो. अडचण मागच्या वस्तूंची असते. नवरी चौकटीला टेकून उभी असेल तर दंडाबरोबर चौकटही आत वळते, आणि मंडपाच्या सरळ खांबाला मधोमध पोक येतो. त्यामुळे आधी चौकट सांभाळावी लागते, मग माणूस. ज्यांना हे काम ठाऊक आहे ते दुसऱ्यांच्या अल्बमात प्रथम दाराच्या चौकटी पाहतात. पूर्वी ही विनंती क्वचित, काहीशा संकोचाने आणि बहुधा नवरीच्या आईकडून येत असे. आता ती छायाचित्रे निवडण्याच्या आधीच येते, किंबहुना गृहीतच धरली जाते. हार घालताना मान कशी ठेवू, असे विचारणाऱ्या एका नवरीला मी म्हटले की जशी आहे तशी ठेवा, तेव्हा ती सहज म्हणाली, "नंतर तुम्ही करताच ना, ताई?"

सुधारलेले छायाचित्र काही दिवस पाहिल्यावर मूळ छायाचित्र दाखवले तर ते चुकीचे वाटते. गिऱ्हाईक म्हणते, "ह्याच्यात हिचा चेहरा सुजल्यासारखा कसा आला?" चेहरा सुजलेला नसतो, तो फक्त तिचा असतो. आरशात दिसते ती व्यक्ती त्या अल्बमातल्या बाईची बिघडलेली प्रत ठरते, आणि पुढची काही वर्षे घरातल्या प्रत्येक समारंभात कोणी ना कोणी म्हणते की लग्नात किती छान होतीस. लग्नात ती तशी नव्हती, हे फक्त तिला आणि मला माहीत असते.

यावर जाहिरातींच्या आधीचा काळ निरोगी होता असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो नाही. मी ज्या घरात वाढले तिथे बायांची पंगत शेवटी बसत असे, आणि तोवर भाजीच्या पातेल्यात उरलेला रस्सा पाहून कोणी किती घ्यायचे हे डोळ्यांनीच ठरत असे. मुलगी पाहायला पाहुणे आले की ती कांदेपोह्यांच्या बश्यांचा ट्रे घेऊन बाहेर येई. पाहुणे पोहे खात, तिला पाहत, आणि तिने त्यांच्यासमोर खायचे नसे. उंची, रंग, बांधा, चालणे यांचा हिशेब मग त्या घरातल्या मोठ्या बायका परतीच्या रिक्षात करत. कोणी हडकुळी म्हणून नाकारली जाई, कोणी लठ्ठ म्हणून. त्या नजरेला छापील चित्राची गरज नव्हती. फरक एवढाच की ती नजर घरागणिक वेगळी होती. एका घराला अंगाने भरलेली, खात्यापित्या घरची सून हवी असे आणि शेजारच्या घराला शेलाटी. नाकारल्या गेलेल्या मुलीला निदान असे म्हणता येत असे की त्या लोकांना काय कळते.

आणि चित्रेही तेव्हा नव्हती असे नाही. डब्याच्या दुधाच्या जाहिरातींतले गुबगुबीत, गालावर खळ्या पडणारे बाळ एका पिढीच्या डोक्यात इतके घट्ट बसले होते की अंगाने बारीक पण चुणचुणीत मुलाच्या आईला सारखे ऐकावे लागे, आणि एखादे मूल गुटगुटीत असले की सगळे कौतुकाने त्याला ग्लॅक्सो बेबी म्हणत. सुदृढ बालक स्पर्धांत वजनाला मान होता. आईचे दूध पिणारे बाळ त्या चित्राइतके फुगीर दिसत नाही म्हणून दूध पुरत नाही असे ठरवून डबा आणला जाई. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने कायदा करून बाळांच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरात बंद केली आणि डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापण्यासही मनाई केली. कायद्याने एखाद्या चित्राला इतके गंभीरपणे घेतल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत. तेव्हाचे चित्र बाळाला जाड करू पाहत होते आणि आजचे चित्र त्याच बाळाच्या नातीला बारीक करू पाहते, यावरून मला तरी असे दिसते की चित्रातला आकार कोणता आहे हे दुय्यम आहे.

फिजी बेटांवरचा एक अभ्यास या संदर्भात नेहमी सांगितला जातो आणि तो सांगण्यासारखा आहेच. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या समाजात भरलेले अंग हे घरच्या मायेचे लक्षण मानले जाई आणि कोणी वाळले तर शेजारी काळजी करत. हार्वर्डमधल्या ॲन बेकर या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ बाईंनी शाळकरी मुलींना दूरचित्रवाणी आल्या आल्या काही प्रश्न विचारले आणि तीन वर्षांनी त्याच वयाच्या दुसऱ्या मुलींना तेच प्रश्न विचारले. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढणारी मुलगी पहिल्या खेपेस एकही नव्हती आणि १९९८ मध्ये अशा मुलींचे प्रमाण ११.३ टक्के होते. दोन्ही खेपेस मुली साठ-पासष्टच होत्या, त्यामुळे या आकड्यावर फार मोठी इमारत उभारू नये. मला आकड्यांपेक्षा त्या मुलींनी मुलाखतींत दिलेली कारणे जास्त बोलकी वाटतात. पडद्यावरच्या बारीक बायका त्यांना नुसत्या सुंदर वाटत नव्हत्या. त्या नोकरी करणाऱ्या, शहरात राहणाऱ्या, स्वतःचे स्वतः ठरवणाऱ्या वाटत होत्या. बारीक होणे हा तिथपर्यंत जाण्याचा रस्ता दिसत होता. नागपुरातल्या कोचिंग क्लासच्या वसतिगृहातली मुलगी यापेक्षा फार वेगळा विचार करत असेल असे मला वाटत नाही.

माझी भाची तशीच शिकायला आमच्याकडे राहिली होती. ती ताटात अर्धी पोळी, काकडीचे काप आणि वाटीभर पातळ वरण घेई आणि उठे. रात्री मात्र पांघरुणात शिरून ती तासन्‌तास खाण्याचे व्हिडिओ पाही. लोण्यात तळलेले काही, चॉकलेटने भरलेले काही, आणि आपल्याच शहरातल्या तर्री-पोह्यांच्या गाड्यावर शेवेचा डोंगर रचणारे कोणी. माझी आई, म्हणजे तिची आजी, एकदा तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाली, "ताटात तर काहीच नाही घेतलं हिनं, अन्‌ मोबाइलात पाह्य किती जेवून राहिली." आम्ही हसलो. भाचीही हसली.

आईने गमतीने जे म्हटले ते मिनेसोटा विद्यापीठात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मोजले गेले होते. उपासमार झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा खाऊ कसे घालावे हे समजून घेण्यासाठी शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने उतरले. पण नोंदींतला खिळवून ठेवणारा भाग वजनाचा नाही. ज्या तरुणांना स्वयंपाकात कधी रस नव्हता ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले, जेवणाची स्वप्ने पाहू लागले, दुसऱ्यांना खाताना टक लावून पाहू लागले. जाहिरातीचा त्यात कुठेच संबंध नव्हता. उपाशी शरीर स्वतःच चित्रे शोधू लागले होते. भाचीच्या हातातल्या यंत्राला ही चित्रे पुरवण्याची विद्या अवगत आहे आणि ती पाहत राहील तोवर पुरवण्यात त्याचा फायदाही आहे. त्याच पडद्यावर दोन व्हिडिओंच्या मध्ये सपाट पोटाची बाई येऊन लिंबूपाण्याचा महिमा सांगून जाते. आधी भूक चाळवायची, मग भुकेची लाज वाटायला लावायची, आणि लाजेने उपाशी राहिलेल्या माणसाला पुन्हा भूक दाखवायची, हे चक्र कोणी एका जागी बसून आखले असेल असे मी म्हणत नाही. ते आपोआप फिरते, आणि म्हणूनच ते थांबवायचे कोणी हा प्रश्न सुटत नाही.

डाएट करणाऱ्याचा बांध एकदा फुटला की काय होते, यावरही १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला होता. आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर, एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी नंतरचे आइस्क्रीम कमी खाण्याऐवजी जास्त खाल्ले, कारण आजचा दिवस तर गेलाच, असे त्यांच्या मनाने घेतले. आपल्याकडे हे एकादशी दुप्पट खाशी या तीन शब्दांत आधीच नोंदलेले आहे, आणि साबुदाण्याच्या उसळीची दुसरी बशी घेताना ते सगळ्यांना आठवतेही. पण चतुर्थी किंवा एकादशीचा उपास दुसऱ्या दिवशी संपतो आणि त्याचा दंडाच्या घेराशी काही संबंध नसतो. भाचीच्या उपासाला पारणे नव्हते.

पुढे तिला जिना चढताना धाप लागू लागली म्हणून डॉक्टरांकडे नेले. हिमोग्लोबिन बरेच खाली निघाले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज काय काय खातेस असे विचारले. तेव्हा तिने जी यादी सांगितली ती ऐकून बहीण रडली आणि मेहुणे म्हणाले की पण दिसते तर किती चांगली. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले आहे. यातल्या बहुतेकींच्या घरी डाएट हा शब्दही नसेल. त्यांच्या ताटात लोह कमी असण्याची कारणे गरिबीत आणि पंगतीच्या क्रमात आहेत. तरीही दोन अगदी वेगळ्या रस्त्यांनी निघालेल्या मुली रक्ताच्या अहवालात एकाच ठिकाणी येऊन पोहोचतात. त्याच सर्वेक्षणात देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने फार कमी वजनाच्या आणि २४ टक्के जास्त वजनाच्या आहेत. मेन्यूकार्ड आणि अल्बम एकाच वेळी जिथे छापले जातात अशा देशाची ही आकडेवारी आहे.

"दिसते तर चांगली" या वाक्यावर थोडे थांबायला हवे, कारण त्यातली चूक फक्त मेहुण्यांची नाही. वजन आणि उंची यांचे जे गुणोत्तर आज प्रत्येक जिममध्ये आणि मोबाइलमध्ये मोजले जाते ते एकोणिसाव्या शतकात बेल्जियमच्या केटले या गणितज्ञाने लोकसमूहांचा सरासरी माणूस शोधताना काढले होते. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव १९७२ मध्ये दिले ते याच अन्सेल कीज यांनी. या मापाने भारतीय शरीराचे पुरते कळत नाही, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार मार्मिकपणे दाखवले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी उभे राहून काढलेले छायाचित्र छापले. दोघांचाही इंडेक्स २२.३ होता. शरीरातल्या चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के निघाले. वरून सडपातळ आणि आतून चरबीदार असा हा भारतीय बांधा आहे आणि मधुमेहाच्या वाटेवर तो कितीतरी लवकर जातो. छायाचित्राच्या धंद्यातल्या कोणालाही मी हे एक छायाचित्र आवर्जून पाहायला सांगेन. दोन माणसे सारखी दिसतात आणि आत सारखे काहीच नाही, हे त्यात दिसते, म्हणजे खरे तर दिसत नाही.

मुलग्यांबद्दल मी कमी लिहिते आहे, कारण स्टुडिओत ते कमी बोलतात. पण नवरदेवाचे खांदे रुंद करा ही मागणी आता येऊ लागली आहे आणि छातीच्या मापाला मुलगे जितके घाबरतात तितके मुली दंडाला घाबरत नसतील. जुन्या व्यायामशाळांत दंड-बैठका मारून मारुतीला नमस्कार करणारा मुलगा आणि आज पावडरचा डबा घेऊन आरशासमोर उभा राहणारा मुलगा यांच्यातला फरक हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

कायदे आहेत. औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. ज्या व्याधी आणि अवस्था बऱ्या करण्याची जाहिरात औषधवाल्यांनी करू नये त्यांच्या यादीत स्थूलता आहे, उंची आहे, आणि स्त्रीच्या छातीचा आकारही आहे. माणसाच्या अंगाबद्दलची कोणकोणती लाज विकली जाते याची इतकी नेमकी यादी इतक्या आधी कोणीतरी केली होती, याचे मला कौतुक वाटते. ती यादी डोक्यात ठेवून आपण धरमपेठेकडून महालाकडे गेलो तर ऑटोच्या पाठीवर, विजेच्या खांबावर आणि वृत्तपत्रातून पडणाऱ्या कागदांवर तिच्यातली बरीच कलमे भेटतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांनुसार साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेल्या पदार्थांची विक्री किंवा जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत करता येत नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना बोर्नव्हिटासारख्या पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या रकान्यातून काढायला सांगितले. हे सगळे चांगलेच आहे. मात्र हे नियम फाटक, डबा आणि रकाना यांना लागू होतात, आणि चित्र आता खिशातल्या मोबाइलमधून वर्गात जाते. इन्स्टाग्रामच्या मूळ कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बाहेर आणली तेव्हा त्यांत एक ओळ होती की तीनपैकी एका किशोरवयीन मुलीच्या मनातली स्वतःच्या शरीराबद्दलची अडचण आपण वाढवतो. कंपनीचे म्हणणे असे की ही ओळ ज्यांना आधीच तशी अडचण होती त्या मुलींबद्दल होती. हा बचाव मी अनेकदा वाचला आणि तो बचाव कसा ठरतो हे मला अद्याप उमगलेले नाही.

नॉर्वेने जुलै २०२२ पासून असा नियम केला की पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीत माणसाच्या शरीराचा आकार किंवा त्वचा संगणकावर बदलली असेल तर तसे चित्रावरच लिहावे. फ्रान्समध्ये असाच एक नियम २०१७ पासून आहे. आमच्या स्टुडिओतल्या तरुण मुलाने हे वाचून विचारले की आपल्याकडे असे झाले तर अल्बमाच्या किती पानांवर शिक्का मारावा लागेल. मी म्हटले की एकाही नाही, कारण अल्बम ही जाहिरात नव्हे. त्यात नवरी कोणाला काही विकत नाही, आणि पैसेही तिच्याच घरचे असतात. ज्या चित्राने सगळ्यात जास्त दिवस छळायचे ते अशा रीतीने प्रत्येक कायद्याच्या बाहेर राहते.

मेन्यूकार्डांच्या बाबतीत मी आता वाढलेलेच ताट टिपण्याचा आग्रह धरते आणि थोडेच मालक तो मानतात. त्यांतला एक जण तर म्हणाला, "ताई, तुमचा फोटो खरा आहे, पण शेजारच्याचा खोटा आहे, अन्‌ गिऱ्हाईक त्याच्याकडं चाललं." त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्याची वाटी पुन्हा काठोकाठ भरून दिली. लग्नाच्या कामात मात्र दंडाला हात लावण्याआधी मी स्वतः नवरीला विचारते, तिच्या आईला नाही. बहुतेक जणी क्षणभर थांबून "करा" म्हणतात आणि मी करते. ज्या "राहू द्या" म्हणतात त्यांच्या घरून काही दिवसांत कोणाचा तरी फोन येतोच, बहुधा आत्याचा किंवा मावशीचा, आणि मग नवरी काय म्हणाली ते त्यांना सांगण्याचे काम माझ्याकडे येते.